वाईट दिवशी येणारा वाचक

हातात आलेली कुठलीही धातूची वस्तू आधी उलटी करून पाहायची मला सवय आहे. कुलूप असो, पान्हा असो, नाहीतर रस्त्याकडेला उघडून ठेवलेल्या ट्रॅक्टरचा एखादा भाग असो, नजर आपोआप त्याच्या बुडाशी, कडेला, दोन बोल्टांमधल्या सपाट जागेकडे जाते. तिथं काहीतरी लिहिलेलं असतंच. पावसाळ्यात गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर बस उशिरा येते, कधी येतच नाही. अशा वेळी धुकं पार बाकड्यांपर्यंत आत आलेलं असतं आणि मी पाण्याच्या मीटरवरचा नंबर, वजनाच्या मापांवरची ओतीव अक्षरं, चहावाल्याच्या स्टोव्हवर ठोकलेलं कारखान्याचं नाव वाचत बसतो. पुस्तकांपेक्षा जास्त मजकूर या जगात लोखंडावर लिहिलेला आहे, असं मला कधीकधी वाटतं.

ही सवय नोकरीची. कोल्हापुरातल्या एका मशीनशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. गगनबावड्याहून कोल्हापूर 55 किलोमीटर. वर आमच्याकडे भात, नाचणी, जंगल, पाऊस आणि घाट. खाली पंचगंगेच्या काठानं ऊस, आणि उसाच्या मागोमाग आलेलं लोखंड. गुऱ्हाळांचे घाणे आणि पाणी उपसणारी इंजिनं दुरुस्त करता करता कोल्हापूरची माणसं ती स्वतःच बनवू लागली, उद्यमनगरात लेथ फिरायला लागले, आणि मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा वसाहती पसरत गेल्या. आज देशातल्या कितीतरी गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या पोटात कोल्हापूरचं ओतकाम फिरतं. त्या कास्टिंगवर पहिलं लिखाण ओतशाळेतच होतं. पॅटर्नवर उठावाची अक्षरं असतात, त्यांच्याबरोबर हीट नंबर असतो. कुठल्या दिवशीच्या, कुठल्या भट्टीतल्या रसातून हा जॉब, म्हणजे कामाचा नग, आला, ते त्या नंबरावरून कळतं. मशीनशॉपमध्ये आल्यावर जॉबची कातडी निघते, भोकं पडतात, मापं येतात, आणि शेवटी त्याच्यावर आमचं लिखाण होतं.

मी लागलो तेव्हा हे लिखाण पंचांनी व्हायचं. एका लाकडी ठोकळ्यात पंच उभे खोचलेले असत. आकड्यांच्या संचात दहा नव्हे, 9 च पंच, कारण सहाचा पंच उलटा धरला की नऊ उठतो. अक्षरांच्या संचात 27. पंच डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, उजव्या हातात लहान हातोडी, आणि घाव एकच. दुसरा घाव घातला तर पंच केसभर हलतो आणि आकडा दुहेरी उठतो. घाव बसला की खड्ड्याच्या कडेनं धातूची किनार वर येते, ती ऑइलस्टोननं घासून काढावी लागे. नाहीतर जॉब बसत नसे, किंवा बसताना जोडीच्या भागाला ओरखडा पाडत असे. हार्डनिंग झालेल्या जॉबवर पंच मारला की जॉबला काही होत नसे, पंचाचंच टोक उडायचं. नाजूक, पातळ भिंतीच्या जॉबला तर घावानं माप सोडायची भीती. एक मिस्त्री होते, त्यांचा 4 नेहमी किंचित डावीकडे कललेला असे. रॅकवर रचलेल्या शंभर जॉबांतून त्यांचे जॉब मी लांबूनसुद्धा वेगळे काढू शकलो असतो. ते निवृत्त झाल्यावरही त्यांचे चार कुठल्याकुठल्या इंजिनांत कलून बसलेले आहेत, हा विचार मला आजही बरा वाटतो.

मधल्या काळात सुईचं मशीन आलं. कार्बाइडची सुई टरटर आवाज करत ठिपक्या-ठिपक्यांनी आकडा काढायची. पुरती शिफ्ट त्या आवाजाजवळ बसलेला माणूस घरी गेल्यावरही मोठ्यानं बोलायचा. आणि मग लेसर आला.

लेसर मार्किंगचं यंत्र पाहायला आलेल्या माणसाला आधी काही विशेष वाटत नाही. एक खोकं, त्याला काळपट हिरव्या काचेची खिडकी, आत फिक्श्चर, वर एक लेन्स. जॉब ठेवला की त्याच्यावर दोन लाल ठिपके पडतात. डोकं खालीवर करून ते एकमेकांवर आणले की फोकस जुळला. दार बंद करायचं, पायातला स्विच दाबायचा. आत एक पांढरा ठिपका पळत सुटतो, बारीक चरचर होते, आणि चार-पाच सेकंदांत सगळा मजकूर उमटलेला असतो. जॉबला कुणी हात लावलेला नाही, कसला भार नाही, किनार नाही, माप जिथल्या तिथं.

पण त्या पळणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून ती डोक्यातून जात नाही. आपण पाहतो तो लेसर नव्हेच. यिटर्बियम मिसळलेल्या काचेच्या तंतूतून येणाऱ्या या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 1064 नॅनोमीटर असते. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. लाल ठिपके आपल्या सोयीसाठी वेगळ्या दिव्याचे, आणि पांढरी चमक ही तापून वाफ होणाऱ्या धातूची. सेकंदाला हजारो स्पंदं, त्यांतलं एकेक सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकं, आणि त्यांना इकडून तिकडे फिरवणारे नखाएवढे दोन आरसे. लिहिणारा प्रकाश अदृश्यच राहतो. म्हणूनच तो भयंकरही आहे. चकचकीत जॉबवरून उलटलेला किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायचीही सूचना मिळत नाही. दार उघडं असताना यंत्र चालू होता कामा नये, म्हणून त्याला इंटरलॉक असतो. कामाच्या घाईत तो तार जोडून चुकवणारा माणूस मला जिथं दिसेल तिथं मी भांडतो. पुढेही भांडेन.

हा प्रकाश धातूवर दोन तऱ्हांनी लिहितो. एक म्हणजे कोरून, थर उडवून. दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. तिच्यात काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग नुसता बेतानं तापवायचा. हवेतला प्राणवायू त्या तापल्या जागी धातूशी जुळतो, ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि काळं अक्षर दिसायला लागतं. वरून नख फिरवलं तर काहीच लागत नाही. ताप थोडा बदलला, पापुद्र्याची जाडी थोडी बदलली, की काळ्याऐवजी सोनेरी, जांभळा, निळा रंग येतो. त्यात रंगद्रव्य कसलंच नाही. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग मरतात, काही उजळतात, एवढंच.

हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या लोहाराचं काम. आमच्या गावाकडे पावसाच्या तोंडावर लोहाराच्या खोपटात कोयते, विळे, कुऱ्हाडी यांची रांग लागायची. कोयता लाल करून तो फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायचा. मग चटकन बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करायचा आणि गप्प बसून बघत राहायचा. पाठीत उरलेला ताप हळूहळू धारेकडे सरकू लागे, आणि त्याच्यापुढं पुढं रंगांची एक लाट चालत येई. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर कोयता पुन्हा पाण्यात जाणार, ते त्याचं त्याला ठाऊक. पिवळ्यावर थांबला तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेला तर चिवट पण मऊ. उसाच्या कोयत्याला एक रंग, लाकडाच्या कुऱ्हाडीला दुसरा. त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नसे. पोरांनाही तो हातानंच गप्प करायचा. त्याच्या धारेवरचे ते रंग आणि आमच्या यंत्रातलं ते काळं अक्षर, दोन्ही एकाच पापुद्र्याची करणी. फरक असा, की लोहार रंग वाचायचा आणि मग तो धार लावताना घासून टाकायचा. आम्ही तोच रंग लिहून ठेवतो.

प्लास्टिकची गोष्ट वेगळी. धातू एका शिस्तीत वागतो, प्लास्टिक मात्र जातीजातीनं निराळं. काळ्या नायलॉनवर किरण पडला की कधीकधी आत बुडबुडे धरून पांढुरकी अक्षरं फुगून येतात. फिक्या एबीएसवर जळून काळी उठतात. पॉलिप्रॉपिलीनला किरणाचं काही वाटतच नाही, त्यात आधीच एखादं द्रव्य मिसळावं लागतं. पीव्हीसीला तर लेसर लावूच नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा आम्लधर्मी वायू सुटतो, जो माणसाची छाती आणि यंत्राची लेन्स दोन्ही खातो. प्लास्टिक, लाकूड, काच, कागद यांवर चालतो तो बहुधा कार्बन डायऑक्साइडचा लेसर. त्याची तरंगलांबी जवळजवळ दहापट, आणि उघड्या धातूवरून तो बहुतेक परत फिरतो. हा लेसर 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. पटेलांचा जन्म 1938 साली बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या सरकारी कॉलेजातली. थिओडोर मेमन यांनी 1960 साली माणिकाच्या कांडीतून पहिला लेसर काढल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. पाण्याच्या बाटलीवर, औषधाच्या खोक्यावर जी ठिपक्यांची किंवा खरवडल्यासारखी तारीख असते, तिच्यामागे पुष्कळदा हाच लेसर असतो. आमच्याकडच्या शाळांत हे नाव सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. बारामती काही लांब नाही.

आता अक्षरांपेक्षा जास्त लिहिला जातो तो चौकोन. मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत काळी-पांढरी घरं असलेला डेटा मॅट्रिक्स. डाव्या आणि खालच्या कडेला अखंड रेघ, तिच्यावरून कॅमेऱ्याला कळतं की जॉब कुठल्या तोंडानं पडला आहे. आत पार्ट नंबर, पुरवठादाराचा कोड, तारीख, शिफ्ट, अनुक्रमांक, कधी हीट नंबर. तीच माहिती अशी फिरवून फिरवून भरलेली असते की चौकोनाचा साधारण पाव भाग खरचटला, तेलानं माखला, तरी उरलेल्यातून सगळं वाचता येतं. माणसाला मात्र त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. टेबलावर रीडर धरला की टिक् होतं आणि पडद्यावर हिरवं येतं. त्या हिरव्यासाठी आम्ही दिवसभर राबतो.

खूप दिवस मी विचार करत होतो, की हे सगळं वाचतं कोण? गाडी जुळवणाऱ्या कारखान्यात एकदा रीडर लागतो, नोंद होते. त्यानंतर तो भाग इंजिनाच्या आत, तेलात, काळोखात जाऊन बसतो. दहा-पंधरा वर्षं तो कुणालाही दिसत नाही. गाडी नीट चालली तर कधीच दिसणार नाही, भंगारात वितळतानाही तो मजकूर कुणी वाचणार नाही. तो वाचला जातो फक्त काहीतरी मोडलं तर. घाटात ब्रेक फसला, उभ्या पिकात इंजिन बसलं, आणि मग कुणीतरी तो भाग उघडून, पुसून, उजेडात धरून त्याच्यावरचा चौकोन शोधतो. त्या माणसासमोर तेव्हा एक तुटका तुकडा असतो आणि एक प्रश्न असतो. हा एकटाच असा होता, की याच्या बरोबरचे आणखी कितीतरी या घटकेला रस्त्यावर धावताहेत? उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणी तिथं नसतं. आम्ही लिहून ठेवलेलं असतं तेवढंच. हीट नंबरावरून त्या दिवसाचा रस सापडतो, अनुक्रमांकावरून मागचे-पुढचे जॉब सापडतात, आणि ते मोडायच्या आधी परत बोलावता येतात.

म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी लिहितो तो वाचक फक्त वाईट दिवशी येतो. तो येऊ नये असंच आम्हाला वाटतं, आणि तरी तो येणारच आहे असं धरून प्रत्येक जॉबवर स्पष्ट लिहायचं. हे कळल्यापासून मी नवीन पोरांना मार्किंगला बसवताना फोकसबद्दल फार बोलतो. अर्ध्या मिलिमीटरनं फोकस सुटला तरी अक्षर उठतं, टेबलावर पासही होतं, पण फिकं. तेलाची, उष्णतेची पंधरा वर्षं ते सोसेल का, हा प्रश्न टेबलावरचा हिरवा दिवा विचारत नाही. तो माणसानंच विचारायचा असतो.

आमच्याकडे मार्किंग सगळ्यात शेवटी होतं. सगळी मापं तपासून झाली, गेज लागला, तरच जॉब लेसरखाली जातो. त्यानंतर त्याला हत्यार लावायचं नाही. या क्रमाचा विचार करताना मला आमच्याच गावाचा इतिहास आठवतो. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. शिवाजी महाराजांपासूनची छत्रपतींची कारकीर्द पाहिलेले रामचंद्रपंत अमात्य, ज्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं, त्यांचं घराणं. त्या काळच्या सरकारी पत्रांत वर मुद्रा असे आणि मजकूर जिथं संपे तिथं लगेच मोर्तब असे, ‘मर्यादेयं विराजते’ या अक्षरांचं. इथं मर्यादा झाली, यापुढं कुणी एक ओळही वाढवायची नाही. ज्या घराण्याची दौलत या ढगातल्या गावाशी जोडलेली होती, त्याचा कारभार अशा मोर्तबांनी बंद होणाऱ्या कागदांवर चाले. मोर्तब करणाऱ्याला वरचा सगळा मजकूर वाचून, जबाबदारी घेऊन मगच हात उचलावा लागत असणार. आमच्या पायातला स्विचही त्याच मानाचा आहे असं मी मानतो, आणि तो दाबणाऱ्या पोराला तसं सांगतोही.

ही पोरं बरीचशी आमच्याच बाजूची. पाऊस लागला की त्यांचे हाल होतात. कुंभीला पूर आला की मांडुकलीत, किरव्यात रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूर-गगनबावडा वाट बंद पडते, कधी एक दिवस, कधी अनेक. मग वसाहतीत कुणाच्यातरी खोलीवर दाटीनं झोपायचं, नाहीतर घरीच अडकायचं. यंत्रावरचा अनुक्रमांक तोवर चालूच असतो. चौकोनातल्या मजकुरात शिफ्टचं एकच अक्षर असतं, ए, बी किंवा सी. पाण्यातून वाट काढून आलेला कोण, त्याच्या जागी दुहेरी शिफ्ट केलेला कोण, ते त्या एका अक्षरात मावत नाही. मावावं असं माझं म्हणणंही नाही. पण जुलैतली तारीख असलेला जॉब हातात आला की मला ते अक्षर भिजलेलं दिसतं.

पावसाचं आणि लोखंडाचं वैर आम्हाला शिकवावं लागत नाही. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात कडीकोयंडासुद्धा एका मोसमात तांबडा होतो. लेसरनं खोल कोरलेल्या साध्या पोलादावर गंज धरतो तो आधी अक्षरांतच, कारण तिथं धातू उघडा आणि खडबडीत झालेला असतो. म्हणून मार्किंगनंतर जॉब लगेच गंजरोधक तेलात बुडतो. स्टेनलेसलाही जास्त ताप दिला तर त्याचं क्रोमियमचं कवच त्या जागी दुबळं पडतं, आणि न गंजणाऱ्या स्टीलवर नेमकं नावच गंजतं.

हे सगळं ज्ञान परवा एका निराळ्याच कामाला लागलं. गावातल्या बायकांच्या बचत गटानं लग्नकार्याला भाड्यानं द्यायला मोठी पातेली, पराती, पळ्या, ताटं घेतली. भांड्यांवर नाव हवंच, नाहीतर पंगतीनंतर कुणाचं कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. पूर्वी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बारीक छिन्नी-हातोडी घेऊन माणूस बसलेला असे, तो ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून द्यायचा. मामाकडून, आत्याकडून, लग्नाप्रीत्यर्थ, खाली तारीख. घरोघरच्या मांडणीवर सगळी नातीच मांडलेली असत. हे लिखाण आमच्यासारखं लपलेलं नव्हतं. रोज सकाळी राखेनं घासताना ते बाईच्या बोटांखालून जायचं. गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या आक्कांकडे पितळेची एक हंडी आहे, तिच्यावरचं त्यांच्या आईचं नाव घासून घासून इतकं झिजलंय की डोळ्याला दिसत नाही. आक्का अंगठा फिरवून दाखवतात, इथून सुरू होतं म्हणून.

मी मालकांना विचारून सुट्टीच्या दिवशी आमच्या लेसरवर ही भांडी करायचं ठरवलं. मार्किंगला बसणारा पोरगा आमच्याच तालुक्यातला, हौसेनं तयार झाला. पहिली अडचण लिपीची. यंत्राच्या सॉफ्टवेअरला इंग्रजी आकडे-अक्षरं पाठ, मराठी टाइप केली की जोडाक्षरं फुटतात. ‘‘मामा, हे बघा की, रफार पुढच्याच अक्षरावर बसतोय,’’ तो पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला. मग कोरलड्रॉमध्ये नाव लिहून, अक्षरांच्या रेषा करून ती आत घ्यावी लागली. दुसरी अडचण खोलीची. काळं, गुळगुळीत अक्षर दिसायला देखणं, पण काथ्यापुढं आणि राखेपुढं ते किती टिकणार? कोरायचं तर पातेल्याचा पत्रा पातळ. आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर वेगवेगळ्या खोलीच्या ओळी काढल्या आणि तो तुकडा आक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो घरी नेऊन आठवडाभर घासला. तिसरी ओळ टिकली, असं सांगत आल्या.

मजकुराचं मात्र अजून ठरत नाही. कुणी म्हणतं गटाचं नाव घाला, कुणी म्हणतं, ‘‘गटाचं नगं, गावाचं घाला, गट उद्या मोडंल बी.’’ ज्यांनी जास्त वर्गणी दिली त्यांची नावं घालावीत का, यावर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्यात. प्रत्येक भांड्यावर अनुक्रमांक असावा, म्हणजे कुठलं कुणाकडे गेलं ते वहीत लिहिता येईल, हे मात्र सगळ्यांनी लगेच मान्य केलं. आक्कांनी विचारलं, एका पळीवर तरी आईचं नाव घालता येईल का. पोरगा म्हणतो, येईल, फक्त नाव नीट लिहून द्या. पुढच्या रविवारी त्यांची पुन्हा बैठक आहे.